विमानाला उल्का दिसते का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि आसपासच्या भागात असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची माळ पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक भले मोठे कडे आकाशातून येऊन पडले. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीहून कमी नाही. पुढे त्या शिवारात धातूचे पोकळ गोळेही सापडले. पहिली बोलवा उल्का पडल्याचीच झाली. जाणकारांनी मात्र सांगितले की, ही उल्का नव्हे, तर चीनने सोडलेल्या रॉकेटचा काम संपलेला भाग असावा.

त्या घटनेनंतर शेतकरी मेळाव्यांत पिकांचे प्रश्न आटोपले की एक प्रश्न हमखास निघू लागला. आता विमानप्रवास ही काही फक्त शहरवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला आहे, कुणाची लेक बंगलोरला, कुणी हजला जाऊन येतो, कुणी काशीयात्रेला. तेव्हा घरातल्या आयाबायांनी विचारावे हे साहजिकच आहे, की आकाशातून असे काही पडत असताना वर विमाने उडतात, त्यांना ते दिसते का? टक्कर टाळणारे यंत्र विमानात असते म्हणतात, ते उल्का ओळखते का?

उत्तर एका शब्दात द्यायचे तर, नाही. हे यंत्र उल्का ओळखत नाही. पण एवढ्यावर थांबलो तर विनाकारण भीती वाटेल, म्हणून ते का ओळखत नाही आणि त्यामुळे आपले काही बिघडते का, हे जरा सविस्तर पाहू.

हे यंत्र आले कशातून?

या यंत्राला टीकॅस म्हणतात. याचा जन्म अपघातांतून झाला. अमेरिकेत ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅनियनच्या दरीवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे गेली. पुढे १९७८ साली सॅन डिएगो येथे आणि १९८६ साली लॉस एंजेलिसजवळ अशाच टकरी झाल्या. मग १९८७ साली तिथे कायदा झाला आणि १९९३ अखेरपर्यंत मोठ्या प्रवासी विमानांवर हे यंत्र बसले.

आपल्याकडे ही गोष्ट कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ही दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. सौदी विमान नुकतेच दिल्लीहून निघाले होते. त्यात ३१२ माणसे होती. रोजगारासाठी आखातात निघालेली आपल्या देशातली कितीतरी कर्ती माणसे त्यात होती. कझाक विमान ३७ माणसे घेऊन दिल्लीकडे उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आले आणि घात झाला. ३४९ पैकी एकही वाचला नाही. सगळे अवशेष पडले ते शेतकऱ्यांच्या शेतांत. दोन्हींपैकी एकाही विमानावर टीकॅस नव्हते. त्यानंतर भारताने आपल्या आकाशात येणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांना हे यंत्र सक्तीचे केले.

हाळी आणि ओ

टीकॅस म्हणजे डोळा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो कान आहे असे म्हटले तर जास्त बरोबर होईल. अंधाऱ्या रात्री अरुंद चाकोरीतून दोन बैलगाड्या समोरासमोर येत आहेत असे समजा. कंदील नाही, चांदणे नाही. एक गाडीवान हाळी देतो, "कोण आहे रे तिकडे?" समोरचा ओ देतो. ओ किती लवकर आली आणि कुठल्या बाजूने आली, यावरून पहिल्याला अंदाज येतो की गाडी किती लांब आहे आणि कुठे आहे. टीकॅस नेमके हेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरींनी.

विमानातले टीकॅस साधारण दर सेकंदाला १०३० मेगाहर्ट्झच्या लहरीवर प्रश्न विचारते. आपण गावात ऐकतो त्या एफएम केंद्रांचे आकडे शंभराच्या आसपास असतात. ही लहर त्याच्या दहापट. आसपासच्या प्रत्येक विमानात ट्रान्सपाँडर नावाची एक पेटी असते. प्रश्न ऐकला की ती १०९० मेगाहर्ट्झवर आपोआप उत्तर देते आणि उत्तरात आपली उंचीही सांगते. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. अशी उत्तरे एकामागून एक येत राहिली की समोरचे विमान जवळ येत आहे की लांब जात आहे, आणि जवळ येत असेल तर किती सेकंदांत येईल, हे यंत्र मांडून पाहते.

धोका दिसला तर आधी ते वैमानिकाला सावध करते. आणखी जवळ आले की सरळ हुकूम देते, "क्लाइम्ब, क्लाइम्ब" म्हणजे वर चढा, किंवा "डिसेंड, डिसेंड" म्हणजे खाली उतरा. हा हुकूम टक्कर होण्याच्या साधारण १५ ते ३५ सेकंद आधी येतो. यातली खरी कारागिरी अशी, की दोन्ही विमानांतली यंत्रे आपसांत बोलून ठरवतात, तू वर जा, मी खाली जातो. रस्त्यावर समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा आडवी येतात, तसे इथे होऊ नये म्हणून ही योजना.

ती मोडली तर काय होते हेही जगाने पाहिले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगन येथे एका रशियन विमानाला यंत्र "वर चढा" सांगत होते आणि जमिनीवरचा नियंत्रक "खाली उतरा" सांगत होता. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान आपल्या यंत्राच्या सांगण्याप्रमाणे खालीच येत होते. ७१ जीव गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. तेव्हापासून नियम पक्का झाला, की यंत्राचा हुकूम आणि माणसाचा हुकूम वेगळा असेल तर यंत्राचे ऐकायचे.

आता उल्केचे पाहा. उल्का हा दगड. त्याच्यात ट्रान्सपाँडर नाही. टीकॅसने कितीही हाळ्या दिल्या तरी दगड ओ देणार कसा? जे ओ देत नाही ते या यंत्राच्या दृष्टीने नाहीच. वैमानिकाच्या समोरच्या पडद्यावर तिथे मोकळे आकाश दिसते.

समजा क्षणभर की दगडाने ओ दिली, तरी उपयोग काय? दोन प्रवासी विमाने समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातले अंतर सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर या वेगाने कमी होते. यंत्राचे सगळे गणित या वेगासाठी बसवलेले आहे. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. म्हणजे पुढचा प्रश्न विचारण्याच्या आत ती कुठल्या कुठे गेलेली असेल.

उल्का असते किती उंच?

पण भिण्याचे कारण नाही, कारण उल्का आणि विमान यांची गाठच सहसा पडत नाही. रात्री तारा तुटला असे आपण म्हणतो तेव्हा जळत असते ती बहुधा वाळूच्या कणाएवढी, फार तर ज्वारीच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढी वस्तू. तेवढ्याशा दाण्याचा एवढा उजेड पडतो तो त्याच्या वेगामुळे. आणि तो जळून संपतो ८० ते १२० किलोमीटर उंचीवर. पुण्याहून सातारा जेवढे लांब, साधारण तेवढे वर. विमान उडते १०-१२ किलोमीटरवर, म्हणजे गावाहून बाजारपेठ जेवढी लांब तेवढ्याच उंचीवर. उल्का संपते आणि खाली विमानापर्यंत मध्ये सगळे मोकळे आकाश उरते.

तरीसुद्धा ती जवळ वाटते. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला रात्रीचे पाणी द्यायला जाणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीच्या बाजूने दरवर्षी उल्का पडताना दिसतात. आकाश निरभ्र असते, वीज रात्रीची असल्याने माणूस जागाच असतो. त्या वेळी अगदी वाटते की शेजारच्या बांधापलीकडे पडली. ती असते शंभर किलोमीटर वर. अनुभवी वैमानिकांनाही असाच भास होतो. काळ्या आकाशात नुसता उजेड दिसला तर अंतर जोखायला डोळ्याजवळ काही मापच नसते.

मोठे दगड मात्र खाली येतात, हे खरे आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर त्याची साक्ष आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे काळ्या बेसॉल्ट खडकावर अवकाशातून आलेला पाषाण आदळला आणि जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर आकाराचा पाषाण सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जवळजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला. दणक्याने खिडक्यांच्या काचा फुटून दीड हजाराच्या आसपास माणसे जखमी झाली. पण असे पाषाण फार विरळा.

मुठीएवढ्या, नारळाएवढ्या दगडांचे वेगळेच असते. १५-२० किलोमीटर उंचीपर्यंत येता येता हवेने त्यांचा मूळ वेग पार मोडून टाकलेला असतो. जाळ विझतो. मग तो दगड साध्या दगडासारखा काळोखात खाली पडतो, ताशी काही शे किलोमीटर वेगाने. विमानाच्या उंचीवर आला तर तो असा विझलेला, काळा. म्हणून वैमानिकाला तो डोळ्यांनीही दिसायचा नाही.

मग रडार असते ना, असे एका हुशार मुलाने मला विचारले होते. प्रश्न चांगला आहे. विमानाच्या नाकाडात एक रडार असते. ते ओ येण्याची वाट पाहत नाही. स्वतः लहर सोडते आणि तिचा पडसाद ऐकते. पण ते बसवलेले असते पावसाचे थेंब पाहायला, म्हणजे गारांचा नि वादळाचा ढग लांबून कळावा म्हणून. एकटादुकटा दगड ओळखून टक्कर टाळणे हे त्याचे कामच नाही. जमिनीवरच्या मोठ्या हवामान रडारांनी मात्र पडते दगड टिपले आहेत. २२ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात सटर्स मिल भागात उल्कापात झाला तेव्हा रडारवरच्या ठिपक्यांवरून दगड कुठे शोधायचे ते कळले. आणि वर जळणाऱ्या उल्केमागे विजेने भारलेल्या हवेचा जो पट्टा राहतो, तो पाहणारी खास रडारेही असतात. आपल्या देशात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे असे रडार बसवले गेले आहे. ती रडारे आकाशाचा अभ्यास करतात. विमानाला सावध करण्यासाठी ती नाहीत.

आजवर उल्केमुळे प्रवासी विमान पडल्याची एकही सिद्ध झालेली घटना नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ एक बोइंग ७४७ हवेत फुटून २३० माणसे गेली, तेव्हा उल्केची शंका काढली गेली होती. चौकशीत तीही तपासली. अमेरिकेच्या आकाशात एखाद्या प्रवासी विमानाला उल्कापाषाण लागण्याचा योग ५९ ते ७७ हजार वर्षांतून एकदा येईल, असे गणित तेव्हा मांडले गेले. अपघाताचे कारण निघाले ते इंधनाच्या टाकीतली वाफ पेटल्याचे. आकाशातल्या दगडाकडे बोट दाखवणे सोपे असते. कारण बहुतेक वेळा जवळचेच निघते.

ओ न देणारे बाकीचे

याचा ताजा दाखला ऑक्टोबर २०२५ मधला आहे. अमेरिकेत एक बोइंग ७३७ विमान ३६,००० फुटांवर असताना समोरच्या काचेवर काहीतरी आदळले. काच तडकली, वैमानिकाच्या हातात बारीक काचा घुसल्या. विमान सॉल्ट लेक सिटीला सुखरूप उतरवले. जगभर बातमी पसरली, उल्का असेल, अवकाशातला कचरा असेल. तपासाअंती निघाला हवामानाची माहिती गोळा करणारा एक फुगा! वजन किलो-सव्वा किलो. तोही ओ देणारा नव्हता. त्यामुळे टीकॅसला तो दिसला नाही.

मला वाटते, आपण लक्ष द्यायचे ते इथे. उल्का आपल्या हातात नाही. पण पक्षी, फुगे, ड्रोन हेही ओ न देणारेच आहेत, आणि त्यांचा संबंध थेट आपल्या शिवाराशी येतो.

फुग्यांचे आधी सांगतो. आपले हवामान खातेही रोज पहाटे आणि सायंकाळी ठरलेल्या वेळी नागपूर, मुंबईसारख्या केंद्रांवरून फुगे सोडते. पावसाचा अंदाज आपण ऐकतो त्यात या फुग्यांचा वाटा असतो. ते खूप वर जाऊन फुटतात आणि त्यांना बांधलेली छोटी हलकी पेटी खाली येते. कधी ती उसाच्या फडात सापडते आणि गावात घबराट होते. ती निरुपद्रवी असते. मात्र लाडबोरीसारखे अनोळखी धातूचे काही पडले तर हात लावू नये. मुलांना लांब ठेवावे आणि तलाठी किंवा पोलीस पाटील यांना कळवावे. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. असा कचरा खाली येणार असल्याचा अंदाज काही वेळा आधी करता येतो, आणि मग विमानांना वाट बदलायला लावतात. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी स्पेनने अशाच एका चिनी रॉकेटपायी आपल्या आकाशाचा काही भाग सुमारे ४० मिनिटे बंद ठेवला होता. म्हणजे इथेही सावध केले ते जमिनीवरच्या माणसांनी, टीकॅसने नव्हे.

पक्ष्यांचा धोका मात्र रोजचा आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये उड्डाण केलेल्या एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत रानहंस शिरले. इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले म्हणून १५५ माणसे वाचली. आपल्याकडे ओझर, शिर्डी, कोल्हापूर, नांदेड इथले विमानतळ शेतीच्या मुलखात आहेत. भोवतालच्या गावांत मेलेले जनावर ओढ्याकाठी उघड्यावर टाकायचे, कोंबड्यांच्या शेडमधली घाण उकिरड्यावर लोटायची, ही सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यावर घारी जमतात. घार वर घिरट्या घालते ती नेमकी विमान चढण्या-उतरण्याच्या उंचीवर. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरे कापून सोलणे किंवा पक्षी गोळा होतील अशी घाण टाकणे याला कायद्याने मनाई आहे. जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. मेलेल्या कोंबड्यांसाठीही झाकणाचा खड्डा करावा. रोगराईच्या दृष्टीनेही हेच बरे.

राहता राहिला ड्रोन. फवारणीचे ड्रोन आता गावोगाव आले आहेत, आणि बचत गटाच्या महिला ते चालवायला शिकल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे. फवारणीचा ड्रोन पिकाच्या जेमतेम काही मीटर वर उडतो, त्याचा विमानाला त्रास नाही. काळजी वाटते ती लग्नात, जत्रेत हौसेने उंच चढवलेल्या कॅमेऱ्याच्या ड्रोनची. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंतच उडवण्याची मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा ६० मीटर आहे. त्याहून जवळ असाल तर परवानगीवाचून ड्रोन उचलायचाच नाही. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर दाखवलेले आहेत. गावात कुणाही शिकलेल्या मुलाच्या मोबाइलवर तो नकाशा उघडून, आपले शिवार कोणत्या रंगात येते ते हंगाम सुरू होण्याआधीच पाहून ठेवावे.